मैदानात डॉक्टर, तालमीत कोण?

सीमाभागातील कुस्तीच्या सरावात होणाऱ्या इजा, त्यांमागची कारणे आणि त्या टाळण्याचे उपाय

सुगी आटोपली, की निपाणी, चिकोडी, कागल, मुरगूड, गडहिंग्लज या सलग पट्ट्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि जत्रेबरोबर कुस्त्यांची मैदाने भरू लागतात. राज्याची सीमा या पट्ट्याच्या मधून जात असली, तरी हलगीचा आवाज आणि तांबड्या मातीची ओढ यांना ती कधी आडवी आलेली नाही. १९५९ साली पहिला ‘हिंदकेसरी’ किताब पटकावणारे श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. त्यांची कारकीर्द घडली ती कोल्हापुरात. आजही सीमाभागातील अनेक मुले दहा-बारा वर्षांच्या वयात वळकटी घेऊन कोल्हापूरच्या तालमीत दाखल होतात, तर कित्येक जण गावातल्याच तालमीत पहाटे जोर-बैठका मारतात.

मैदानातली कुस्ती कधी दोन मिनिटांत निकाली होते, कधी वीस मिनिटे रेंगाळते. तिच्यामागे मात्र सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, महिनोन्महिने चाललेली मेहनत असते. पैलवानाच्या आयुष्यातील बहुतेक पकडी, बहुतेक फेकी आणि बहुतेक घाम तालमीतच खर्ची पडतो. त्यामुळे इजा होण्याचे प्रसंगही तिथेच अधिक येतात. तरीही मोठ्या मैदानात पंच असतात, आयोजक असतात, बहुधा रुग्णवाहिका आणि डॉक्टरही असतो. तालमीत यांपैकी कोणी नसते. असतो तो वस्ताद, आणि पुष्कळदा तोही दुसऱ्या जोडीकडे पाहत असतो. खेळाडूच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे तो या निरीक्षणाबाहेरच्या तासांचा.

बर्फावरून आलेला धडा

हा प्रश्न केवळ गरीब खेळांचा किंवा खेडेगावांचा नाही. पैसा, तंत्रज्ञान आणि शिस्त या तिन्ही बाबतींत अग्रेसर समजल्या जाणाऱ्या अल्पाइन स्कीइंगलाही त्याने ग्रासले आहे. उंच पर्वताच्या बर्फाळ उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली झेपावण्याच्या या खेळात विश्वचषकाच्या स्पर्धेसाठी उताराच्या कडांना जाळ्यांच्या रांगा उभारलेल्या असतात. वैद्यकीय पथक सज्ज असते, जखमीला उचलून नेण्यासाठी हेलिकॉप्टर ठेवलेले असते. सरावाच्या उतारावर हा सरंजाम नेहमीच उभा राहतो असे नाही.

फ्रान्सची रेजीन काव्हान्यू ही २००१ ची सुपर-जी प्रकारातील जगज्जेती. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ऑस्ट्रियातील पित्झताल हिमनदीवर सराव करताना तिची एका जर्मन प्रशिक्षकाशी धडक झाली आणि दोन दिवसांनी तिचे निधन झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रान्सचाच डेव्हिड प्वासाँ कॅनडात सराव करताना जाळ्या ओलांडून झाडावर आदळला आणि मरण पावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीची एकोणीस वर्षांची माटिल्डे लोरेंझी सरावात पडून दगावली. सप्टेंबर २०२५ मध्ये इटलीचाच मात्तेओ फ्रान्झोसो चिलीतील सरावात जाळ्या भेदून लाकडी कुंपणावर आदळला आणि त्याचाही अंत झाला. चौघेही कसलेले खेळाडू होते आणि चौघांचाही घात झाला तो सरावात.

२०२४-२५ च्या हंगामापासून विश्वचषकातील वेगवान शर्यतींत अंगाला बसणारी, खेळाडू पडू लागताच फुगणारी एअरबॅग सक्तीची झाली. मात्र इटलीच्या या दोन खेळाडूंच्या मृत्यूंनंतर तेथील क्रीडाविश्वात जी चर्चा झाली, तिचा रोख साधनांपेक्षा वेगळ्या गोष्टीवर होता. सरावाच्या उतारालाही स्पर्धेच्या उताराएवढेच संरक्षण हवे, अशी ती मागणी होती.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मागणी तीच करता येते. मैदानात जी काळजी घेतली जाते, तिचा काही अंश तरी तालमीत पोहोचला पाहिजे. त्यासाठी लागणारी बरीचशी साधने पैशाने विकत घ्यावी लागत नाहीत. ती सवयीने लागतात.

हौद्यातली गर्दी

काव्हान्यूच्या अपघातात दोन देशांच्या पथकांनी एकच उतार सरावासाठी घेतला होता. खाली माणूस आहे आणि वरून खेळाडू निघाली आहे, हे एकमेकांना वेळीच कळले नाही. तालमीच्या हौद्यात हा प्रसंग रोज घडू शकतो. संध्याकाळच्या लढतीच्या वेळी एकाच हौद्यात तीन-चार जोड्या खेळत असतात. एका जोडीने ढाक मारली आणि दुसऱ्या जोडीच्या गुडघ्यावर ती कोसळली, तर चूक कोणाचीच नसते, गुडघा मात्र एकाचा जातो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेच्या मॅटवर एका जोडीला नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ आणि त्याभोवती दीड मीटरची मोकळी पट्टी मिळते. तालमीला एवढी जागा कुठून मिळणार, हे खरेच आहे. पण जागा कमी असेल, तर एका वेळच्या जोड्या कमी करता येतात. उभ्या लढतीच्या आणि खाली बसून चालणाऱ्या डावांच्या वेळा वेगळ्या ठेवता येतात. ज्यांची पाळी नाही, त्यांनी हौद्याच्या काठावर न बसता मागे सरून बसावे, असा दंडक घालता येतो. मॅट भिंतीला लागून असेल, तर त्या भिंतीला जाड गादी बांधता येते.

मातीचेही तसेच. हौद्यातील माती रोज खणून, उकरून, चाळून सैल करण्याची जुनी रीत आहे. नव्या पोरांच्या वाट्याला ते काम येते आणि ते त्यांना शिक्षा वाटते. वास्तविक त्या रीतीत दोन उपकार दडलेले आहेत. खणताना अंग तापते आणि सैल माती पडणाऱ्याचा आघात झेलते. त्याच वेळी खडा, काच, खिळा हाती लागतो. माती न खणता घट्ट राहू दिली, तर ती जमिनीइतकीच कठीण होते. परंपरेतल्या ज्या गोष्टी आपण केवळ शिस्त म्हणून जपतो, त्यांतल्या काही मुळात सुरक्षिततेच्याच आहेत.

जोड लावण्याचा भाग याहून महत्त्वाचा. जत्रेच्या मैदानात जोड बहुधा नजरेने ठरते. तिथे पंचांची अनुभवी नजर आणि हजारो प्रेक्षकांचा धाक असतो. तालमीत मात्र ‘जरा मोठ्याशी धर, म्हणजे तयार होशील’ असे म्हणून पंचेचाळीस किलोचे पोर साठ किलोच्या गड्यापुढे उभे केले जाते. मोठ्याशी खेळल्याने ताकद वाढते, हे मान्य. पण ती लढत पकडीपुरती, सुटण्याच्या सरावापुरती असावी. कलाजंग, ढाक, टांग असे उचलून किंवा फिरवून आपटण्याचे डाव समान वजनाच्या आणि समान तयारीच्या जोडीतच व्हावेत. ते सरावाच्या सुरुवातीला, अंग ताजे असताना घ्यावेत. थकलेला मल्ल डाव अर्धवट सोडतो आणि अर्धवट सुटलेला डाव दोघांनाही धोक्याचा ठरतो.

डाव शिकण्याआधी पडायला शिकणे ही तर पहिली पायरी. हनुवटी छातीकडे ओढून घ्यायची, पसरलेल्या हातावर सारा भार येऊ द्यायचा नाही, खांद्याच्या बाजूने घरंगळायचे, या तीन गोष्टी ज्याच्या अंगवळणी पडल्या, त्याची मान, मनगट आणि कोपर बऱ्याच अंशी वाचतात.

मान दुखावली, तर हात लावू नका

२०१८ साली पन्हाळा तालुक्यातील एका गावच्या मैदानात कुस्ती खेळताना एका तरुण मल्लाच्या मानेला गंभीर इजा झाली. काही दिवस मृत्यूशी झुंज देऊन तो गेला. त्या घटनेने कोल्हापूर परिसर हळहळला. ती भर मैदानात, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली होती. अशीच इजा तालमीत झाली, तर पुढची दहा मिनिटे काय करायचे हे किती जणांना ठाऊक आहे?

मानेच्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मणका मोडला किंवा सरकला, तरी मज्जारज्जू त्या क्षणी शाबूत असू शकतो. त्यानंतर जखमीला उचलताना, बसवताना किंवा मान सरळ करताना सरकलेले हाड त्यावर दाबले जाते आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणजे पहिला आघात खेळाचा असतो, दुसरा मदतीला धावलेल्यांचा. मान ओढून बसवण्याची, झटका देऊन मोकळी करण्याची, तेल लावून चोळण्याची सवय म्हणूनच जीवघेणी आहे.

डोक्यावर किंवा मानेवर पडलेला मल्ल मान दुखते म्हणत असेल, हातापायांत मुंग्या येतात किंवा बधिरपणा वाटतो असे सांगत असेल, हातपाय हलवू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल, तर त्याला आहे तिथेच, आहे तसाच ठेवावा. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आणि मान स्थिर धरावी. दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी हाच क्रमांक चालतो. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला पाणी पाजू नये, उठवून बसवू नये, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये. उलटी होत असेल आणि कुशीवर वळवणे भागच पडले, तर चार-पाच जणांनी मिळून डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, एका रेषेत वळवावेत.

याला अपवाद एकच. मल्ल प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर तत्काळ छातीदाब सुरू करावा. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. श्वास थांबला असताना मानेची चिंता दुसऱ्या क्रमांकावर जाते.

उन्हाळा आणि पत्र्याची तालीम

जत्रांचा हंगाम माघापासून वैशाखापर्यंत चढत जातो आणि पाराही त्याच्याबरोबर चढतो. म्हणजे मेहनत ऐन भरात येते, नेमकी त्याच वेळी हवा तापलेली असते. कित्येक तालमी पत्र्याच्या छपराखाली आहेत, खिडक्या लहान आहेत. अंगातला घाम मरू नये म्हणून दारे लावून घेण्याची पद्धतही आहे. अशा खोलीत दीड-दोन तास लढती झाल्या, की स्नायूंनी निर्माण केलेली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही.

श्रमाने होणारा उष्माघात उन्हात बसल्याने होणाऱ्या उष्माघाताहून थोडा वेगळा असतो. तो तरुण, धडधाकट, जिद्दी खेळाडूला गाठतो. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम दिसू लागतो. मल्ल झोकांड्या खातो, विसंगत बोलतो, विनाकारण चिडतो, त्याला उलट्या होतात, मग तो कोसळतो. घाम थांबला तरच उष्माघात, असा आपल्याकडे समज आहे. श्रमाच्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतानाही प्राणावर बेतू शकते. म्हणून घामापेक्षा बोलणे आणि चालणे पाहावे.

यावरचा उपाय वैद्यकशास्त्राने अगदी सोपा सांगितला आहे. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले, तर वाचण्याची शक्यता फार मोठी असते. मोठ्या टबात किंवा टाकीत बर्फ घातलेले पाणी भरून त्यात मल्लाला मानेपर्यंत बुडवणे आणि त्याचे डोके वर धरून ठेवणे, हा सर्वांत परिणामकारक मार्ग. तेवढी सोय नसेल, तर कपडे काढून अंगावर सतत गार पाणी ओतावे, पंखा लावावा, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फ ठेवावा. या भागात उसाच्या शेतावर मोटारीचे पाणी आणि गावात बर्फ मिळणे अवघड नाही. तळहाताला कांदा चोळणे हा त्याला पर्याय नव्हे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालणे तर घातक ठरते.

त्याहून चांगले म्हणजे वेळ येऊच न देणे. सुटीनंतर परतलेल्या मल्लाला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस मेहनत हळूहळू वाढवावी. ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण झालेल्याला त्या दिवशी लढतीतून वगळावे. उन्हाळ्यात संध्याकाळची तालीम उशिरा भरवावी, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सरावाआधी आणि नंतर वजन करून भिंतीवरच्या पाटीवर लिहिले, तर किती पाणी गेले हे आपोआप कळते. एक किलो घटले, म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी अंगातून गेले. ते भरून काढण्यासाठी पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, सरबत किंवा ताक थोडे थोडे घ्यावे. त्यात मीठ असावे, कारण घामाबरोबर मीठही जाते.

गोव्यातील खेळाडूंनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो, पण सुकत नाही, आणि शरीर गार होते ते घाम सुकल्याने. निपाणीच्या कोरड्या हवेपेक्षा पणजी-मडगावच्या मे महिन्यात पारा खाली असला, तरी धोका कमी होत नाही. हे कुस्तीला लागू आहे, तसेच फुटबॉलच्या शिबिरांना आणि पोलीस वा लष्कर भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनाही.

वजन उतरवण्याचा खेळ

जत्रेतल्या मातीच्या कुस्तीत वजनी गटांचे बंधन सैल असते. शालेय, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या मॅटवरील स्पर्धांत मात्र ते काटेकोर असते. त्यामुळे मातीतून मॅटवर जाणाऱ्या मुलांपुढे एक नवा धोका उभा राहतो. आपल्या खऱ्या वजनापेक्षा खालच्या गटात खेळावे, म्हणून दोन-तीन दिवसांत तीन-चार किलो घाम काढायचा. अंगावर प्लास्टिकचा कोट किंवा दोन-तीन स्वेटर चढवून धावायचे, पाणी बंद करायचे, जेवण बंद करायचे, तोंडात बोटे घालून ओकायचे, हे सारे प्रकार चालतात.

याचा शेवट कुठे होतो, ते अमेरिकेने १९९७ साली पाहिले. नोव्हेंबर-डिसेंबरमधील अवघ्या पाच आठवड्यांत तेथील तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मरण पावले. तिघांनीही पाणी तोडले होते आणि घाम कोंडणारे पोशाख घालून उष्ण खोलीत व्यायाम चालवला होता. तिघांपैकी एकही जण त्या वेळी कुस्ती खेळत नव्हता. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी घातली, वजन लढतीच्या अगदी जवळच्या वेळेत घेण्यास सुरुवात केली आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवून दिले. ते ठरवण्याआधी लघवीची तपासणी करून अंगात पुरेसे पाणी आहे ना, याची खात्री केली जाते. त्या सुधारणांचा गाभा एवढाच, की पाणी तोडून मिळणारा फायदा काढून घ्यायचा.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण विनेश फोगाटचे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलो गटात तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. त्या प्रसंगाची चर्चा पदकाभोवती फिरली. त्यातला आरोग्याचा भाग मागे पडला. रात्रभर व्यायाम आणि वाफ घेऊन, केस कापूनही शंभर ग्रॅम उतरत नाहीत, याचा अर्थ शरीराकडे द्यायला आणखी पाणी उरलेले नसते. जागतिक दर्जाच्या खेळाडूभोवती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. तालुक्याच्या स्पर्धेसाठी निघालेल्या चौदा वर्षांच्या मुलाभोवती कोणी नसते.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांएवढे पाणी कमी झाले, तरी दम आणि एकाग्रता घटू लागते. सत्तर किलोच्या मल्लासाठी हे प्रमाण जेमतेम एक किलो चारशे ग्रॅम. म्हणजे खालच्या गटात गेल्याचा फायदा मिळण्याआधीच ताकद हातची गेलेली असते. वाढत्या वयाच्या मुलांत वारंवार उपाशी राहिल्याने उंची आणि हाडे यांच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून एक साधा नियम प्रत्येक तालमीने पाळावा. अठरा वर्षांखालच्या मुलाचे वजन उतरवायचे नाही. तो ज्या गटात बसतो, त्याच गटात खेळेल. प्रौढ मल्लाने वजन घटवायचे असेल, तर ते आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीने, खुराकात बदल करून, हंगामाच्या आधी घटवावे. प्लास्टिकचा कोट तालमीच्या दाराबाहेरच ठेवावा.

याच संदर्भात आणखी एका अनिष्ट प्रकाराचा उल्लेख आवश्यक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी डॉक्टर वापरतात ते मेफेंटरमीनचे इंजेक्शन दम वाढतो म्हणून व्यायामशाळांत चोरून विकले जाते. महाराष्ट्रात पोलिसांनी अशा विक्रीविरुद्ध कारवाया केल्या आहेत. हे औषध हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते आणि थकव्याची जाणीव दाबून टाकते. थकवा ही शरीराची धोक्याची घंटा आहे. उन्हाळ्यात, पाणी तोडलेल्या अंगात ती घंटाच बंद केली, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. स्पर्धेत ते उत्तेजक म्हणून प्रतिबंधितही आहे.

डोके, कान आणि कातडी

डोक्याला डोके आदळल्यावर क्षणभर ‘तारे चमकले’ की मल्ल हसून उठतो. मेंदूला बसलेल्या या हादऱ्यात शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. गोंधळलेली नजर, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, तोल जाणे, डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणे, यांतले एक जरी लक्षण दिसले, तरी त्या दिवशीची लढत संपली. मेंदू सावरण्याआधी दुसरा हादरा बसला, तर तो विशेषतः कोवळ्या वयात प्राणघातक ठरू शकतो. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झोप आवरत नसेल, झटके येत असतील किंवा एका बाजूची बाहुली मोठी दिसत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. लक्षणे पूर्ण गेल्यावर आधी हलके चालणे, मग व्यायाम, मग डावांचा सराव आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच लढत, असा क्रम असावा.

चुरगळलेला कान हा पैलवानाचा दागिना मानला जातो. खरे तर तो उपचार न झालेल्या जखमेचा व्रण आहे. घासल्याने किंवा दाबल्याने कानाच्या कूर्चेवरचे आवरण सुटते आणि मध्ये रक्त साचते. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून दाबपट्टी बांधली, तर कान पूर्ववत होतो. तसेच राहू दिले, तर तो कायमचा गोळा होतो आणि कधी कधी ऐकण्याची वाटही अरुंद करतो. कानाचे संरक्षक पट्टे क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. सरावात ते वापरण्यात कमीपणा नाही.

अंगाला अंग घासणाऱ्या खेळात नायटा, गळवे आणि विषाणूंमुळे येणारे फोड झपाट्याने पसरतात. एकच पंचा चौघांनी वापरणे, ओला लंगोट तसाच खुंटीला टांगणे, मॅट आठवडाभर न पुसणे ही त्याची कारणे. मॅट रोज जंतुनाशकाने पुसावी, सराव संपताच साबणाने अंघोळ करावी आणि ज्याच्या अंगावर ओला फोड किंवा ताजा नायटा आहे, त्याला बरे होईपर्यंत लढतीपासून दूर ठेवावे. मातीत खेळणाऱ्यांसाठी धनुर्वाताची लस तर अत्यावश्यक. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते. त्यानंतर दर दहा वर्षांनी मात्रा घ्यावी.

थांबवण्याचा अधिकार

या सगळ्या उपायांचा भार शेवटी वस्तादावर येतो आणि तो येणेच योग्य आहे. तालमीत त्याच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही. पठ्ठ्याने ‘दुखतंय’ म्हणणे हे अजूनही कच्चेपणाचे लक्षण समजले जाते. त्यामुळे मुले दुखणे लपवतात आणि लपवलेले दुखणेच पुढे मोठे होते. ‘दुखत असेल तर सांग, थांबलास म्हणून कोणी हसणार नाही’ हे वाक्य वस्तादाने एकदा सर्वांसमोर उच्चारले, तर महागड्या साधनांपेक्षा ते अधिक काम करील.

सीमाभागात एक अडचण विशेष आहे. निपाणीच्या परिसरात गंभीर इजा झाली, तर उत्तरेला कोल्हापूरचे सीपीआर जवळ, की दक्षिणेला बेळगावची मोठी रुग्णालये सोयीची, हा निर्णय जखमी समोर पडलेला असताना घेतला जातो आणि त्यात वेळ जातो. कोणत्या इजेला कुठे न्यायचे, तिथे कोणती सोय चोवीस तास आहे, गावापर्यंत रुग्णवाहिका यायला किती वेळ लागतो, हे हंगामाच्या आधीच विचारून पाटीवर लिहून ठेवावे. प्रथमोपचाराची पेटी, बर्फाची सोय, वजनकाटा, पाण्याची टाकी आणि छातीदाबाचे प्रशिक्षण घेतलेली दोन माणसे, एवढी शिदोरी लहानातल्या लहान तालमीला परवडते.

मुलाला तालमीत ठेवणाऱ्या पालकांनी खुराक किती आणि भाडे किती, हे विचारताना आणखी चार प्रश्न विचारावेत. लढतीच्या वेळी वस्ताद स्वतः हजर असतात का? मुलाचे वजन उतरवले जाते का? मुलगा कोसळला, तर पहिले काय करणार? आणि त्याने थांबायचे म्हटले, तर त्याला थांबू देणार का? सीमेच्या अलीकडची तालीम असो वा पलीकडची, या चार प्रश्नांची उत्तरे जिथे न अडखळता मिळतील, तिथे मुलगा निर्धास्तपणे ठेवावा.